बिनफुलांचा उंबरा

ईस्टरच्या सकाळी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकले आणि आतली तिघेही एकदम लसणीबद्दल बोलू लागली.

"यंदा लसूण बारीकच आलीय," माझा थोरला बेल्मिरो म्हणाला.

"पण वास चांगलाय," त्याची बायको देओलिंदा म्हणाली.

"वास तर फारच चांगला," असे म्हणत इल्दाने, माझ्या धाकट्या सुनेने, हातातली साखरेची रिकामी वाटी पाठीमागे नेली.

एक्क्याऐंशी वर्षे मी या जगात काढली आहेत. सणाच्या दिवशी, भट्टीत करडू भाजत असताना, तीन शहाणी माणसे लसणीबद्दल इतक्या कळकळीने बोलत नाहीत, एवढे मला समजते. मी खुर्ची ओढली, बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी अशी बसले की उत्तर मिळाल्याशिवाय उठत नाही, हे या घरात सर्वांना ठाऊक आहे.

"बोला."

"काही नाही हो, आई," इल्दा म्हणाली. "साखर मागायला आले होते."

इल्दाच्या घरची साखर गेली आठ वर्षे नेमकी ईस्टरच्या सकाळी संपत आली आहे. ती मागच्या दाराने येते, माझ्या बैठकीच्या खोलीत क्रूस आला की त्याचे चुंबन घेते, वाटीभर साखर घेते आणि गल्ली ओलांडून परत जाते. तिच्या स्वतःच्या घरात क्रूस येत नाही, कारण तिचा नवरा आदेरितो, माझा धाकटा, आपल्या उंबऱ्यावर फुले घालत नाही. आमच्या गावचा नियम इतका साधा आहे की तो कोणाला लिहून ठेवावा लागला नाही. ईस्टरच्या दिवशी क्रूस घरोघर फिरतो. ज्या दारापुढे कॅमेलियाच्या पाकळ्या आणि बडीशेपेचा हिरवा पाला पसरलेला असेल त्या दारात तो वळतो. जिथे पाला नाही तिथून तो पुढे जातो, आणि कोणीही कडी वाजवत नाही. फुले म्हणजे घरधन्याचे बोलावणे. बोलावणे नसेल तर प्रभू स्वतःही दार ढकलत नाही.

आठ वर्षांपूर्वी आदेरितोने दार लावून घेतले तेव्हा मीही साऱ्या घरादेखत शब्द देऊन बसले होते, की ज्या घरात क्रूस जात नाही त्या घरात ही एतेल्विनाही जाणार नाही. आमची दारे समोरासमोर आहेत. मध्ये सहा पावलांची गल्ली. ती सहा पावले मी आठ वर्षांत चालले नव्हते.

"आई," देओलिंदा म्हणाली, "आज क्रूस कोण आणतंय, कळलंय का तुम्हाला?"

"फादर आन्सेल्मो डोंगरापलीकडे जाणार. पाच गावांना एक फादर, त्यांनी तरी काय करावं. आपल्याकडे गावातलं कोणीतरी येईल. मला ते पसंत नाही, हेही मी त्यांना कळवलंय."

"हो, पण कोण येणार?"

शेवटी बेल्मिरो लसणीच्या पाकळीकडे पाहत म्हणाला, "ब्रिजिदा."

ब्रिजिदा म्हणजे आदेरितो आणि इल्दाची एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची, ब्रागा शहरातल्या इस्पितळात परिचारिका आहे.

"मुलगी," मी म्हणाले. "क्रूस घेऊन."

"आता चालतं, आई."

"चालतं ते ठाऊक आहे मला. हल्ली सगळंच चालायला लागलंय." मी इल्दाकडे वळले. "क्रूस उचलणाऱ्याचा लाल झगा कोणाचा मिळाला तिला?"

"पोस्टमन झेफेरिनोच्या भावाचा. जरा लांब होत होता. काल खालून दुमडून दिला."

"नुसते टाके घातलेस की तुरपाई केलीस?"

"तुरपाई, आई."

"दोरा?"

"लालच."

"बरं."

तिघांनीही श्वास सोडला. मी परवानगी दिली असे त्यांनी मानले, आणि मी दिलीही होती. माझ्या घराण्याची मुलगी क्रूस उचलणार असेल तर निदान तिच्या झग्याची कड सरळ असावी.

पण इल्दा अजून तशीच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. इल्दा रडते ती आवाज न करता, म्हणून तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

"काय झालं गं?"

"तिला याच गल्लीत यायचंय, आई. बापाच्या दारावरून पुढं जायचंय." तिने वाटी टेबलावर ठेवली. "परवा तिनं त्यांना विचारलं, बाबा, यंदा फुलं घालाल? ते म्हणाले, लेक म्हणून जेवायला ये, क्रूस घेऊन आलीस तर सरळ पुढं जा. ती म्हणाली, जाईन सरळ. पण दारासमोर एक प्रार्थना म्हणण्याएवढी थांबेन. तुम्ही मला हाकलू शकत नाही, गल्ली सरकारी आहे."

"गुणाची पोर," देओलिंदा म्हणाली.

"आणि तो?" मी विचारले.

"पहाटेपासून खिडक्यांच्या फळ्या ओढून बसलेत. दाढी केलीय मात्र." इल्दाने आवाज खाली आणला. "आणि जुन्या कोटाच्या आत चांगला सदरा घातलाय. मी बघितलं ते त्यांना माहीत नाही."

तेवढ्यात देओलिंदाने हातातला डाव भांड्यावर आपटला. माझी थोरली सून तीस वर्षे या घरात आहे आणि तीस वर्षांत तिने डाव फक्त दोनदा आपटला आहे. पहिल्या वेळी तिचे बरोबर होते.

"आई, तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"देओलिंदा," बेल्मिरो म्हणाला.

"देओलिंदा, देओलिंदा करू नका. आठ वर्षं तुम्ही गप्प आहात म्हणून मीही गप्प. आता ती पोर क्रूस घेऊन बापाच्या बंद दारापुढं उभी राहणार, आणि आपण इथं लसूण सोलत बसणार?"

"सणाचा दिवस आहे. राहू दे."

"सणाच्या दिवशीच बोलायचं असतं! नाहीतर सण कशाला हवाय, नुसतं मटण खायला?"

"कसलं बोलणं?" इल्दा एकेकाच्या तोंडाकडे पाहत म्हणाली. "काय सांगायचंय?"

बेल्मिरोने माझ्याकडे पाहिले नाही. त्यानेच मला आठ वर्षे वाचवले होते, आणि त्या क्षणी तो पुन्हा तेच करायला निघाला होता. ते मात्र मला सहन झाले नाही.

"आठ वर्षांपूर्वी फादरांबरोबर क्रूस उचलण्याचा मान आदेरितोला मिळायचा होता," मी म्हणाले. "गावाने ठरवलं होतं. जाहीर झालं बेल्मिरोचं नाव. आदेरितोला वाटतं, भावाने मागे जाऊन वशिला लावला. बेल्मिरो कुठेही गेला नव्हता. त्या वेळच्या फादरांकडे मी गेले होते. आधी थोरला, असं मी त्यांना सांगितलं."

इल्दाने टेबलावरची वाटी माझ्याकडे सरकवली.

"साखर नको मला," ती म्हणाली, आणि मागच्या दाराने निघून गेली.

*

त्याच वेळी डोंगराच्या उतारावर ब्रिजिदाच्या टाचेला फोड आला होता. मी तिथे नव्हते, पण तिने मला सारे सांगितले आहे, आणि जे तिने गाळले ते झेफेरिनोने सांगितले. झेफेरिनो आमचा निवृत्त पोस्टमन. घंटा वाजवण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि पन्नास वर्षे याच चढावर टपाल वाटल्यामुळे कोणत्या घरात वाईन चांगली मिळते हे त्याला पाठ होते.

"ब्रिजिदा, तू फार भरभर चालतेस. प्रभू तीन दिवसांनी उठला, त्यालाही घाई नव्हती."

"अजून एकवीस घरं आहेत, झेफेरिनोकाका."

"एकवीस घरं म्हणजे एकवीस पेले. मला विचार करायला वेळ दे."

ती हसली, पण तिचे मन घरांत नव्हते. प्रत्येक दारात ती म्हणत होती, "या घराला आणि इथं राहणाऱ्या सर्वांना शांती. प्रभू उठला आहे, हालेलूया," आणि प्रत्येक दारात तिला वाटत होते की आपण खोटे बोलतो आहोत. ज्या मुलीला आपल्या बापाच्या घरात शांती नेता येत नाही, तिने दुसऱ्यांच्या घरात ती कोणत्या तोंडाने वाटावी?

चढावरच्या शेवटच्या घरात म्हातारी कुस्तोदिया नऊ वर्षे अंथरुणाला खिळून आहे. तिच्या नातवंडांनी पाकळ्यांची वाट दारापासून थेट तिच्या पलंगापर्यंत घातली होती. ब्रिजिदाने क्रूस तिच्या ओठांपाशी नेला. म्हातारीने चुंबन घेतले, मग क्रूस काही सोडेना.

"आजी, पुढं जायचंय मला."

"जाशील गं. आधी मला सांग, तू आदेरितोची ना? मग तोंड असं का, आंबवलेल्या कोबीसारखं?"

ब्रिजिदाने सांगितले. का सांगितले ते तिलाही कळले नाही. आजारी माणसाकडून ऐकून घ्यायची तिला सवय आहे, आजारी माणसाला सांगायची नाही.

कुस्तोदियाने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "त्या बाया पहाटे प्रभूच्या कबरीकडं निघाल्या ना, तेव्हा दारावरची धोंड कोण सरकवणार हे त्यांना कुठं ठाऊक होतं? वाटेत एकमेकींना विचारत होत्या. पण विचारत विचारत चालत होत्या. घरी बसून नाही विचारलं त्यांनी." तिने क्रूस सोडला. "जा. आणि झेफेरिनोला पेला देऊ नकोस, त्याला उतार उतरायचाय."

"ही बाई नऊ वर्षं पडून आहे, तरी माझ्यावर नजर," झेफेरिनो म्हणाला आणि घंटा वाजवत बाहेर पडला.

ती घंटा मला माझ्या अंगणात ऐकू आली.

*

चढावरून आमच्या गल्लीत यायला आणखी चार घरे लागतात. माझ्याजवळ फार तर वीस मिनिटे होती.

मी एप्रन काढला, केस सारखे केले आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. दारापुढे देओलिंदाने सकाळी सहापासून खपून घातलेला गालिचा होता: मध्ये पांढऱ्या कॅमेलियाचा क्रूस, भोवती गुलाबी पाकळ्या आणि कडेला बडीशेपेचा पाला. त्याला वळसा घालून मी गल्ली ओलांडली. सहा पावले. आदेरितोच्या दारावर मी हाताने थाप मारली. आम्ही क्रूसासाठी दार वाजवत नाही. आईने मुलाचे दार वाजवू नये असा नियम मात्र कोठेही नाही.

दार इल्दाने उघडले, आणि ती माझ्याकडे न पाहता बाजूला झाली. आदेरितो तिच्या मागे, फळ्या ओढलेल्या खिडकीपाशी उभा होता. कोटाच्या गळ्यातून स्वच्छ सदऱ्याची पट्टी दिसत होती.

"आई? काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"कोणी आजारी नाही. मला बोलायचंय. मी आत येणार नाही. मी शब्द दिलाय."

"मग उंबऱ्यावरून बोल."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळांना माफी मागायला लावली आहे. ती कशी मागतात याकडे मात्र मी कधी नीट लक्ष दिले नव्हते, असे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. त्यामुळे मी सरळ सांगून टाकले. फादरांकडे मी गेले. नाव मी बदलायला लावले. बेल्मिरोला अंदाज होता, आणि आईचे नाव पुढे येऊ नये म्हणून तो आठ वर्षे तुझे बोल ऐकत राहिला.

आदेरितोचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"का?"

"तुझे वडील त्या हिवाळ्यात गेले. ते नसलेला तो पहिला ईस्टर. बेल्मिरो चालतो तेव्हा पाठीमागून माझा आबिलियो चालल्यासारखं वाटतं. मला ती चाल एकदा क्रूसामागे पाहायची होती. एवढंच. मोठं कारण नाही."

"आणि माझी चाल कोणाची, आई?"

"माझी," मी म्हणाले. "म्हणून तर आठ वर्षं दार उघडलं नाहीस."

मला वाटले तो हसेल. त्याच्या तोंडाची एक बाजू हललीही. पण मग त्याने मान खाली घातली.

"आठ वर्षं मी भावाशी नीट बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात मी मागच्या बाकावर बसलो. आणि तू आज सांगतेस, क्रूस कोपऱ्यावर आलाय तेव्हा. मी पोरीसाठी दार उघडावं म्हणून."

"हो, तिच्यासाठी."

"जा, आई. तुझ्या दारात फुलं आहेत. तुझ्याकडं क्रूस येतोय." आणि त्याने दार लावून घेतले. आपटले नाही. हळूच लावले. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

*

बेल्मिरो आणि देओलिंदा माझ्या दारात उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते. आमच्या गल्लीत ऐकायला कान लागत नाहीत.

"आपलीच थोडी फुलं त्याच्या दारात टाकू या का?" देओलिंदा म्हणाली.

"नाही," बेल्मिरो म्हणाला. "ते त्याचं बोलावणं असतं. दुसऱ्यानं कसं घालायचं?"

त्याचे बरोबर होते. त्या सकाळी प्रथमच मला जाणवले की या गल्लीत एक उंबरा असा आहे जिथे माझा हुकूम चालत नाही, आणि तो तसा असावा म्हणूनच देवाने तो नियम घालून दिला आहे. तिथे मी फूल घालू शकत नव्हते. पण माझ्या उंबऱ्याची मालकीण मीच होते.

"केरसुणी आण," मी म्हणाले.

"कशाला?"

"आण म्हटलं ना."

मी गालिच्याच्या कडेपासून सुरुवात केली. बडीशेपेचा पाला, गुलाबी पाकळ्या, मग तो पांढरा क्रूस. देओलिंदाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आई! सहापासून बसलेय मी त्याला!"

"माहीत आहे. सुंदर झाला होता."

"क्रूस पुढं जाईल की आपल्या दारावरून!"

"जाऊ दे. ज्या घराने एका भावाचा मान काढून दुसऱ्याला दिला, त्या घरात तो आधी का यावा? आठ वर्षं त्याच्या दारावरून गेला. आज माझ्याही दारावरून जाऊ दे."

बेल्मिरो माझ्याकडे पाहत राहिला. देओलिंदा आत गेली. ती रागाने गेली असे मला वाटले. ती परत आली ती दुसरी केरसुणी घेऊन.

"सरका," ती म्हणाली. "तुम्हाला कोपरे जमत नाहीत."

आम्ही दोघींनी तो सगळा ढीग गल्लीच्या मधोमध आणला. पलीकडच्या खिडकीच्या फळ्या आधी बोटभर उघडल्या, मग हातभर. इल्दाने मला नंतर सांगितले की तोवर तो खुर्चीत पाठ करून बसला होता, आणि केरसुणीचा आवाज ऐकून म्हणाला, "ईस्टरच्या दिवशी कोण झाडतंय?" तिने फळी सारून पाहिले आणि ती म्हणाली, "तुमची आई." बस्स. पुढे ती काही बोलली नाही. इल्दाला गप्प राहणे चांगले जमते. मला ते आता कुठे दिसू लागले आहे.

आदेरितो बाहेर आला तो घरातल्या चपलांवर.

"आई, काय चाललंय? बाबांच्या घरावरून क्रूस पुढं जाईल! लोक काय म्हणतील!"

"जे आठ वर्षं तुझ्याबद्दल म्हणतात तेच."

त्याने माझ्या हातातली केरसुणी धरली. मी सोडली नाही. दोघेही तशीच उभी राहिलो, एकाच चालीची माणसे, आणि शेजारी बेल्मिरो हात लोंबत ठेवून उभा.

"तुला माहीत होतं, दादा?" आदेरितोने विचारले. माझ्याकडे न पाहता.

"अंदाज होता."

"मग बोलला का नाहीस? मी तुला काय काय बोललो! जत्रेत, सगळ्यांसमोर..."

"आईच्या पदराखालचा बैल म्हणालास." बेल्मिरोने विचार केला. "बाकीचं चाललं. बैल जरा लागला."

आदेरितोने केरसुणी सोडली. एक विचित्र आवाज त्याच्या घशातून आला. तो हसणे होते की रडणे हे मी विचारले नाही. मग त्याने थोरल्या भावाला दोन्ही हातांनी असे धरले की बेल्मिरोची टोपी फुलांच्या ढिगात पडली.

खालच्या कोपऱ्यावर घंटा वाजली.

"दोन दारं, एक ढीग आणि दोन मिनिटं," देओलिंदा ओरडली. "मिठ्या नंतर मारा!"

आदेरितोने ढिगाकडे पाहिले, आपल्या दाराकडे पाहिले, माझ्या दाराकडे पाहिले. मग गुडघ्यांवर बसून त्याने ओंजळ भरली आणि पहिली फुले आपल्या उंबऱ्यावर टाकली. स्वतःच्या हाताने. दुसरी ओंजळ त्याच्या अलीकडे, तिसरी त्याच्याही अलीकडे. बेल्मिरोने माझ्या उंबऱ्यापासून सुरुवात केली. इल्दा बाहेर आली, वाटीशिवाय, आणि पाला पसरू लागली. नक्षी नव्हती, क्रूस नव्हता, गुलाबी-पांढरे एकत्र झाले होते. गल्ली ओलांडून जाणारा तो एकच पट्टा होता, आणि कोठेही पुरेसा दाट नव्हता.

ब्रिजिदा वळणावर थांबली ती हा देखावा पाहून: बाप आणि काका रस्त्यात गुडघ्यांवर, हातांत पाकळ्या, आणि आजी केरसुणी घेऊन उभी.

झेफेरिनोची घंटा आपोआप थांबली.

"पन्नास वर्षं टपाल वाटलं," तो म्हणाला. "एका पत्त्याला दोन दारं आजच पाहिली. कुठं जायचं, ब्रिजिदा?"

या घराण्यात क्रूस आधी थोरल्या घरात येतो. हे सांगायला माझे तोंड उघडले होते. प्रामाणिकपणे सांगते, शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला. त्याची चव अजून आठवते.

"जिथं फार दिवस गेला नाही तिथं आधी," ब्रिजिदा म्हणाली, आणि लाल झग्याची सरळ कड सावरत बापाच्या दाराकडे वळली.

*

आत काहीच तयार नसणार, असे मी धरून चालले होते. इल्दाने कपाट उघडले. वरच्या फळीवर अंड्यांचा पिवळा केक होता, शेजारी साखरेत घोळलेले बदाम आणि आमच्या द्राक्षांची कोवळी वाईन, पेल्यांसकट.

"हे कधी केलंस?" आदेरितोने विचारले.

"दरवर्षी करते. तुम्ही दार उघडाल म्हणून. सोमवारी आपण दोघं खातो तो हाच."

"मला वाटायचं, तू मला आवडतो म्हणून करतेस."

"तेही आहेच," इल्दा म्हणाली.

आठ वर्षांपूर्वी मी शब्द दिला होता, आणि इल्दाने आठ वेळा केक केला होता. देवाकडे दोन्हींची नोंद असेल. कोणती वर आहे, हे मला त्या कपाटापुढे उभे असताना कोणी विचारले नाही, हे बरे झाले.

ब्रिजिदाने उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवले. "या घराला," तिने सुरुवात केली, आणि तिचा आवाज गेला. साऱ्या सकाळी चाळीस घरांत न चुकलेली मुलगी आपल्या घरात अडली. झेफेरिनोने हळूच घंटा किणकिणवली, जणू ओळ सांगतो आहे.

"या घराला आणि इथं राहणाऱ्या सर्वांना शांती. प्रभू उठला आहे."

"हालेलूया," आम्ही म्हणालो. आदेरितोने सर्वांत मोठ्याने.

आमच्याकडे घरधनी क्रूस स्वतःच्या हातांत घेतो आणि घरातल्या प्रत्येकापुढे नेतो. ब्रिजिदाने तो बापाच्या हातांत दिला. आठ वर्षांपूर्वी ज्या हातांत तो यायचा होता त्या हातांत तो आता आला. आदेरितो क्षणभर त्याचे वजन पाहिल्यासारखा उभा राहिला. मग तो चालू लागला. आधी भावाकडे गेला. बेल्मिरोने चुंबन घेतले आणि तो डोळे पुसायला टोपी शोधू लागला. ती अजून गल्लीतच होती. मग देओलिंदा. मग इल्दा. मग आपली मुलगी.

मी दाराच्या बाहेरच उभी होते. क्रूस आत गेला होता. माझा शब्द पुरा झाला होता. तरीही माझे पाय उंबऱ्यावर थांबले. मला कोणी बोलावले नव्हते, आणि त्या सकाळी मी शिकले होते की बोलावल्याशिवाय आत जायचे नसते.

आदेरितोने ते पाहिले. तो क्रूस घेऊन दारापर्यंत आला. उंच माणूस आहे तो, आणि क्रूसावर रेशमी फिती आणि फुलांचा भार. मी मान वर करून पाहिले.

"ये ना, आई," तो म्हणाला. "आत ये. आणि वाकू नकोस, मी खाली आणतो."

त्याने क्रूस माझ्या तोंडाशी आणला, अगदी अलगद.

मी वाकले.